अक्कांची जीप आणि पडीक रानातलं विमान

अक्का निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी एक जुनी जीप घेतली. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी त्यांनी किल्लारीच्या शाळेत काढली. शेवटची काही वर्षं त्या तिथं मुख्याध्यापिका होत्या. लग्न केलं नाही. आम्ही नांदेडला, त्या किल्लारीला, त्यामुळे भेट व्हायची ती दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. एका रविवारी सकाळी आमच्या दारात हिरवट रंगाची, एका बाजूला पत्रा चेपलेली जीप येऊन थांबली आणि साडीवर जाड तळाचे बूट घातलेल्या अक्का तिच्यातून उतरल्या. माझा नवरा त्यांना नमस्कार करायचं सोडून आधी जीपमध्ये डोकावला.

"ड्रायव्हर कुठंय?" त्यानं विचारलं.

"हा काय," अक्का म्हणाल्या आणि स्वतःकडे बोट दाखवून घरात गेल्या.

ती जीप आधी कुठल्याशा सरकारी खात्यात होती. लिलावात निघाल्यावर एका ऊसतोड मुकादमानं ती घेतली आणि फडाफडांतून फिरवली. अक्कांनी ती कित्येक महिने नजरेत धरून ठेवली होती. कुठलीही जीप त्यांना चालणार नव्हती. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असलेली, तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात अशी जीप त्यांना हवी होती. ती मिळाल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा बसनं लातूरला जाऊन, गॅरेजमध्ये स्टूल टाकून त्या बसायच्या. इंजिन उघडताना बघायच्या, बसवताना बघायच्या, आणि वहीत आकृत्या काढून घ्यायच्या. वहीला खाकी कव्हर होतं, त्यावर चौकोनी लेबल होतं आणि लेबलावर विषयाच्या जागी 'जीप' असं लिहिलेलं होतं.

मी विचारलं, "पण अक्का, जायचंय कुठं एवढी गाडी घेऊन?"

"भूगोल शिकवला मी तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "पोरं नकाशावर बोट ठेवायची आणि विचारायची, बाई, इथं काय हाय? जिथं गावाचं नाव छापलेलं नसतं ना, नेमकं तिथंच ठेवायची बोट. मी म्हणायचे, रान असंल. आता जाऊन बघते."

मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अक्कांसारखं जग बघायची ऊर्मी माझ्यात कधीच नव्हती. वस्तू कशी चालते हे फळ्यावर सिद्ध झालं की माझं काम संपायचं. तरी त्या जीपच्या मागच्या भागात काय काय भरलंय ते बघताना मी चांगला तासभर रमले. समोरासमोरचे दोन बाक काढून अक्कांनी तिथं लाकडी पेटाऱ्या बसवल्या होत्या. त्यांच्यावर गादी टाकली की दोघींची झोपायची सोय. पेटाऱ्यांत एका चुलीची छोटी शेगडी, पाण्याचे दोन कॅन, फावडं, कुऱ्हाड, नायलॉनचा दोर, जॅक, हवा भरायचा पायपंप आणि सागाच्या दोन जाड फळ्या.

"फळ्या कशाला?"

"चाक रुतलं की कळंल."

तंबू त्यांनी विकतचा घेतला नव्हता. ट्रॅक्टरचे हूड शिवणाऱ्या एका माणसाकडून ताडपत्रीचा शिवून घेतला होता. स्वतः मापं देऊन, आणि दोनदा उसवायला लावून. भूकंपानंतरचे कित्येक महिने अक्का तंबूत आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या होत्या. तेव्हा त्या तिशीच्या आसपासच्या तरुण शिक्षिका होत्या. त्या दिवसांबद्दल त्या सहसा बोलत नाहीत. तंबूबद्दल मात्र बोलतात. तंबूत पाणी वरून कमी आणि जमिनीवरून जास्त शिरतं, म्हणून खालची पट्टी वीतभर उभी दुमडलेली हवी. खुंटी तिरपी ठोकायची, दोराच्या उलट्या दिशेला. दाराला चेन लावली की ती महिन्यात अडकते, बटणंच बरी. हे सगळं त्या इतक्या शांतपणे सांगायच्या, जणू स्वयंपाकाची कृती सांगतायत.

जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन आटोपलं आणि मला चार दिवस मोकळे मिळाले. अक्का म्हणाल्या, "चल." नवऱ्याला वाटलं मी नाही म्हणेन. मलाही तसंच वाटत होतं, पण तोवर माझी बॅग भरून झाली होती.

भोकरमार्गे आम्ही हिमायतनगरला गेलो आणि तिथून पैनगंगेच्या दिशेला वळलो. डांबरी संपली, मग खडी संपली, मग बैलगाडीच्या चाकोऱ्या तेवढ्या उरल्या. एक वाळूचा रुंद नाला ओलांडला. अक्कांनी छोटा दांडा खाली ओढला आणि जीप कुरकुरत पण न थांबता पलीकडे निघाली. नदीच्या अलीकडे एक मोठं सपाट रान लागलं. सोयाबीन निघाल्यावर तसंच पडीक ठेवलेलं. त्याला लागून हरभरा, आणि हरभऱ्यापलीकडे बांधावर दोन कडुलिंब. नदीच्या पलीकडच्या तीराला जंगल. अक्कांनी नकाशा काढून बोट ठेवलं. तिथं काहीही छापलेलं नव्हतं.

आम्ही तंबू ठोकत होतो तेव्हा शेताचा मालक आला. साठीचा, डोक्याला मफलर, हातात विळा.

"काय करून राहिले बाई तुम्ही इथं? सर्व्हे आहे का?"

"सर्व्हे न्हाई. राहायला आलो दोन दिवस. चालंल का?"

"राहायला?" त्यानं तंबूकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. "इथं तर काहीच नाही."

"तेच बघायला आलो," अक्का म्हणाल्या.

त्याला ते पटलं असं दिसलं नाही, पण त्यानं हरभऱ्याचे डहाळे उपटून दिले आणि विहीर दाखवली. जाताना सांगून गेला की फोन इथं लागत नाही. नाल्यापलीकडच्या टेकडीवर, मारुतीच्या ओट्याशी उभं राहिलं तरच लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी शेगडीवर चहा ठेवला होता. आकाशात विमानाचा आवाज आला. छोटी शिकाऊ विमानं आमच्याकडे नवी नाहीत. धावपट्टीवरून उडतात, लांब फेरी मारून परत जातात, मुलं हात हलवतात. पण हा आवाज तुटत होता. मध्येच खोकल्यासारखा फटफट, मग पुन्हा सुरळीत, मग पुन्हा फटफट.

अक्का तंबूतून बाहेर आल्या. मान वर करून त्यांनी पाच-सात सेकंद नुसतं ऐकलं.

"एक सिलिंडर मारत न्हाई," त्या म्हणाल्या.

पांढरं, वर पंख असलेलं विमान नदीच्या बाजूनं आलं आणि आमच्या डोक्यावरून वळलं. त्यानं एक पूर्ण चक्कर घेतली. मला ते कुणाला तरी शोधतंय असं वाटलं. ते जमीन शोधत होतं, हे मला ते खाली यायला लागल्यावर कळलं. पडीक रानाच्या त्या टोकाला ते कडुलिंबापेक्षा थोडं उंच होतं, मग बांधापेक्षा थोडं उंच, आणि मग धुळीचा एक लोट उठला. त्या धुळीतून ते उड्या मारत आमच्या दिशेनं येत राहिलं. रान संपलं, ते हरभऱ्यात शिरलं, आणि वीसेक फूट आत जाऊन पाण्याच्या पाटात पुढचं चाक अडकून नाकावर झुकून थांबलं. शेपटी थोडी वर राहिली.

मी जागची हलले नव्हते. अक्कांनी शेगडी बंद केली, पाण्याचा कॅन उचलला आणि म्हणाल्या, "फावडं घे."

आम्ही धावत पोचलो तेव्हा दार आतून उघडत होतं. आत एकटी मुलगी होती. पांढरा शर्ट, खांद्यावर काळी पट्टी, बावीस-तेवीस वर्षांची. ती खाली उतरली, चार पावलं चालली आणि जमिनीवर बसली. मग पुन्हा उठून आत गेली. एक-एक बटण बघत, ओठ हलवत तिनं काहीतरी बंद केलं आणि बाहेर येऊन परत बसली.

"काय बंद केलंस?" अक्कांनी विचारलं. लागलं का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी हे.

"पेट्रोल. बॅटरी. सगळं." मुलगी मराठी होती, साताऱ्याकडची. तिचा आवाज अगदी सरळ होता, फक्त हनुवटी थरथरत होती. "मी चेकलिस्ट पूर्ण केली. वर असतानाच केली होती. तरी एकदा."

अक्कांनी तिच्या दोन्ही मनगटांवर, मानेवर, गुडघ्यांवर हात फिरवून पाहिलं. काही लागलेलं नव्हतं. पाणी पाजलं. तेवढ्यात शेताचा मालक धापा टाकत आला. चाकांनी हरभऱ्यातून दोन सरळ पट्टे काढले होते आणि ते तो बघत होता. मुलगी उठून उभी राहिली.

"काका, तुमचं पीक..."

"हरभरा ऱ्हाऊ दे बाई," तो म्हणाला. "तू एकटीच होती का आत? दुसरं कोणी नाही ना अडकलेलं?"

ती नाही म्हणाली आणि तेव्हा रडली. फार वेळ नाही. डोळे पुसून तिनं मला घड्याळ दाखवलं. एकटीनं लांब उड्डाण करायची तिची ती तिसरी की चौथी वेळ होती. इंजिन अडखळायला लागल्यावर तिनं रेडिओवर सांगितलं होतं, पण तेव्हा ती बरीच खाली आली होती आणि कुणाचं उत्तर ऐकू आलं नव्हतं. ठरलेल्या वेळेला ती धावपट्टीवर दिसली नाही की शोध सुरू होणार, आणि त्याआधी तिच्या घरी फोन जाणार.

"आईला बीपीचा त्रास आहे," ती म्हणाली. "मला विमान सोडून जाता येणार नाही. पण कुणीतरी फोन करायला हवा. अर्ध्या तासाच्या आत."

फोन टेकडीवर लागत होता. टेकडी नाल्यापलीकडे होती. शेताच्या मालकाची मोटारसायकल मुलगा घेऊन गेला होता. मी अक्कांकडे पाहिलं.

"मी इथं थांबते," अक्का म्हणाल्या. "आता गाव लोटंल. लोक पंखाला लोंबकळतील, कोणी बिडी पेटवंल, आणि ह्याच्या टाक्या पेट्रोलनं भरल्यात. तुला गर्दी आवरायची न्हाई. मला येती. तू जीप घेऊन जा."

"मी कार चालवते अक्का, जीप नाही."

"क्लच जड हाय. बाकी तेच."

मुलीनं एका कागदावर तिच्या विमानशाळेचा नंबर लिहिला, त्याखाली अक्षांश-रेखांश लिहिले आणि त्याखाली एक वाक्य: 'मी ठीक आहे, विमान जमिनीवर आहे, आग नाही.' म्हणाली, "फोन उचलला की आधी हे वाचा. बाकी नंतर."

अक्कांनी जीपमधला नायलॉनचा दोर उतरवून घेतला, मी फावडं परत आत टाकलं आणि निघाले. क्लच खरोखर जड होता. सीटच्या अगदी टोकाला बसून मी तो पूर्ण दाबत होते. चाकोरीतून नाल्यापर्यंत गेले ते ठीक गेले. नाल्यात उतरले, मधोमध आले, आणि मागची चाकं गर्रर्र करून जागच्या जागी फिरायला लागली. मी अॅक्सिलरेटर दाबला. जीप पुढं गेली नाही, खाली गेली. छोटा दांडा ओढायचा राहिला होता हे तेव्हा आठवलं. ओढला. पुढची चाकंही फिरली आणि त्यांनीही आपापले खड्डे खणले.

इंजिन बंद करून मी उतरले. नाल्यात चिटपाखरू नव्हतं. घड्याळात सोळा मिनिटं उरली होती. रडू येईल असं वाटलं, पण रडायला सुद्धा वेळ नव्हता, म्हणून मी चाकाकडे बघत उभी राहिले. चाक घट्ट फुगलेलं होतं. वाळूला ते बोटभर रुंदीवर टेकत होतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हे वाक्य मी वर्षातून किमान तीन वर्गांना सांगते. हवा कमी केली तर चाक पसरेल, क्षेत्रफळ वाढेल, दाब घटेल. खडे शोधले, चारही चाकांच्या व्हॉल्व्हमध्ये एकेक दाबून धरला. फुसफुस आवाज येत राहिला आणि चाकं हळूहळू पायात चपला सैल व्हाव्यात तशी पसरली. मग मागच्या चाकांपुढची वाळू फावड्यानं काढली, सागाच्या फळ्या तिरप्या सरकवल्या. पहिल्या गिअरमध्ये, छोटा दांडा पूर्ण खाली, पाय अगदी हलका. फळ्या कडकडल्या. जीप एकदा डुलली आणि वर चढली. मी थांबले नाही. फळ्या तिथंच राहिल्या.

मारुतीच्या ओट्याशी दोन कांड्या रेंज आली. पलीकडे एका पुरुषानं पहिल्या घंटीलाच फोन उचलला. मी नमस्कारही न करता कागद वाचला: "मी ठीक आहे, विमान जमिनीवर आहे, आग नाही." मग तो हळू म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. त्यानं तिच्या घरी अजून फोन केला नव्हता. अक्षांश-रेखांश दोनदा सांगून घेतले, आणि मग विचारलं, "मॅडम, तुम्ही कोण?" मी म्हटलं, "आम्ही इथं फिरायला आलोय."

परत आले तेव्हा अक्कांचा वर्ग भरला होता. शंभरेक माणसं होती. विमानाभोवती नायलॉनचा दोर चारी बाजूंनी खुंट्यांना बांधलेला, आमच्या तंबूच्याच खुंट्यांना. लोक दोराबाहेर ओळीनं बसलेले. हरभऱ्यात कुणीही नव्हतं. दहा-दहा जणांची तुकडी आत सोडली जात होती, बिड्या-काड्या आधी दोराजवळच्या टोपलीत ठेवून. आणि ती मुलगी, जिची हनुवटी तासाभरापूर्वी थरथरत होती, पंखाखाली उभी राहून सांगत होती की हे काय, ते काय.

"पंखात पेट्रोल असतं?" एका बाईनं विचारलं. "मंग पंख जड नाही होत?"

"होतात. पण वजन पंखातच असलं तर मधल्या जोडावर ताण कमी येतो."

"आणि मधीच बॅटरी गेली तर?" हा अक्कांचा प्रश्न. त्या खाकी वही घेऊन उभ्या होत्या.

"बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहतं. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो असतो. दोन असतात. आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग."

"दोन?" शेताचा मालक पुढं आला. "माझ्या जुन्या फटफटीला पण मॅग्नेटो होता. एकच होता, आणि तो बी पावसात बसायचा."

"म्हणून दोन," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

दुपारी हिमायतनगरहून दोन पोलीस आले आणि त्यांनी अक्कांकडून विमानाचा ताबा घेतला. ताबा घेतला म्हणजे कडुलिंबाखाली बाजेवर बसले. दोर अक्कांचाच राहिला. संध्याकाळी मुलीचे शिक्षक आणि विमानाचा एक इंजिनिअर गाडीनं पोचले. शिक्षक तिला बाजूला घेऊन गेले. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी तिला रानाच्या त्या टोकापासून हरभऱ्यापर्यंत चाकांच्या खुणांवरून चालत नेलं, दोघं मध्येमध्ये थांबत होते, आणि परत येताना त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता. ती त्यांच्याबरोबर त्याच संध्याकाळी गेली. जाताना अक्कांच्या पाया पडली.

इंजिनिअर मागं थांबला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चौकशीला वरिष्ठ येऊन, फोटो काढून, कागद करून जाईपर्यंत आणखी एक दिवस गेला. मग त्यानं नाकावरचा पत्रा उघडला. अक्का त्याच्या मागं दोन हातांवर उभ्या. त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, जरा उजेड."

अक्का बाजूला झाल्या. "कितवा सिलिंडर?"

"तिसरा. व्हॉल्व्ह अडकलाय," तो म्हणाला आणि वळला. "तुम्हाला कसं कळलं सिलिंडरचं?"

"ऐकू आलं."

तिथून पुढं तो त्यांना सगळं सांगत गेला. व्हॉल्व्हची दांडी काजळीनं कशी धरून बसते, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात तसं का होतं, आमच्या जीपच्या इंजिनात का होत नाही. अक्कांनी वही त्याच्या हातात देऊन आकृती काढून घेतली.

पुढचं चाक वाकलं होतं, त्यामुळे उडवून नेणं शक्य नव्हतं. पंख उतरवून ट्रकनं न्यायचं ठरलं. पण ट्रक नाल्यापलीकडेच थांबला, वाळूत उतरायला ड्रायव्हर तयार होईना. इंजिनिअर नाल्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता. तेव्हा शेताचा मालक म्हणाला, "ऊस कसा नेतो आम्ही ह्या नाल्यातून? ट्रॉलीनं नेऊ की."

"हलेल, आपटेल," इंजिनिअर म्हणाला. "पंखाचा पत्रा ह्या कागदाएवढा पातळ."

"मंग गोधड्या घालू."

गावातनं गोधड्या आल्या. किती आल्या ते मी मोजलं नाही, पण उसाच्या दोन ट्रॉल्या तळापासून कठड्यापर्यंत गोधड्यांनी भरल्या. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, एक तर लहान बाळाची, कडेला घुंगरू शिवलेली. पंख सोडवायला सकाळपासून दुपार झाली. एकेक पंख आठ-आठ जणांनी खांद्यावर घेतला. इंजिनिअर ओरडत नव्हता, पण प्रत्येक पावलाला "सावकाश" म्हणत होता आणि थोड्या वेळानं सगळेच एका सुरात "सावकाश" म्हणत चालायला लागले. मधलं धड शेपटीकडून ट्रॅक्टरला अडकवून, पुढचा भाग दुसऱ्या ट्रॉलीवर चढवून निघालं. नाल्यात ट्रॅक्टरपुढं अक्कांची जीप दोर लावून. चारही चाकांची हवा मी काढली होती. ह्या वेळी त्यासाठी आधी रुतावं लागलं नाही. माझ्या फळ्या नाल्यात तशाच पडून होत्या. त्यावरूनच ट्रॉलीची चाकं गेली.

पंखाच्या पत्र्यावर एकही पोचा पडला नाही. इंजिनिअरनं हात फिरवून इंच-इंच बघितलं, मग शेताच्या मालकाकडे वळून म्हणाला, "आमच्याकडे ह्यासाठी वेगळ्या चौकटी असतात. फोमच्या." एक गोधडी दाबून बघत म्हणाला, "इतक्या मऊ नसतात."

दोन-अडीच महिन्यांनी त्याचाच फोन आला. विमान उभं राहिलं होतं, इंजिन जमिनीवर चालवून बघायचं होतं, ताईंना बघायला यायचं असेल तर येऊ देतील, परवानगी काढलीय. अक्का किल्लारीहून आल्या, मी नांदेडहून बसनं गेले, लातूरच्या धावपट्टीच्या फाटकाशी भेटलो. ती मुलगी त्या दिवशी नव्हती. तिची राहिलेली उड्डाणं पूर्ण होऊन ती पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागली होती.

इंजिनिअरनं अक्कांना डाव्या सीटवर बसवलं. पट्टा बांधला, कानावर मोठे हेडफोन चढवले, कशाला हात लावायचा नाही ते सांगितलं. स्वतः उजवीकडे बसला. मी बाहेर, चाकाला ठोकळे लावले होते तिथून लांब उभी होते. पंखा एकदा अडखळला आणि मग दिसेनासा झाला. गवत मागच्या मागं झोपलं. काचेतून अक्कांचा चेहरा दिसत होता. घाबरलेला नव्हता, आनंदानं फुललेला वगैरेही नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये अवघड पण येणारा प्रश्न पडलेल्या मुलीसारखा होता.

खाली उतरल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या: "एक मॅग्नेटो बंद केला तर आवाज थोडा बसला. शंभरेक फेरे कमी झाले असतील."

"सव्वाशे," इंजिनिअर म्हणाला. "चालतं एवढं." मग त्यानं एक रिकामा डबा पालथा घालून त्यांना बसायला दिला, स्वतः दुसऱ्यावर बसला, आणि पुढचा तासभर मी विमानाच्या सावलीत उभी राहून दोघांचं बोलणं ऐकत होते.

परतताना अक्का माझ्याबरोबर नांदेडला येणार होत्या. जीप मी चालवत होते. अहमदपूर मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. त्या वही उघडून आकृत्या बघत बसल्या होत्या.

"सगळं कळलं," त्या अखेर म्हणाल्या. "इंजिन कळलं. एकच न्हाई कळलं. तो पंख वर उचलतो म्हंजी नेमकं काय करतो? त्यानं सांगितलं, मी मान हलवली, पण कळलं न्हाई. तू शिकवतीस ना हे? सांग."

मी सुरू केलं. वरून हवा वेगानं जाते, तिथं दाब कमी, खालून... तीन वाक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मी फळ्यावरचंच बोलतेय, आणि त्यांनी त्यात एक प्रश्न घातला तर मला पुढं जाता येणार नाही. त्यांनी घातलाच. "वरची हवा वेगानं का जाती पण?"

मी जीपचा वेग थोडा वाढवला. जीपला खिडकी अशी नाहीच, बाजू मोकळी. "अक्का, हात बाहेर काढा. तळवा सपाट धरा, जमिनीला समांतर. आता अंगठ्याची बाजू थोडी वर करा. अगदी थोडी."

त्यांनी केलं. हात आपोआप वर उचलला गेला. त्यांनी तळवा सपाट केला, तो खाली आला. पुन्हा तिरपा केला, पुन्हा वर. जास्त तिरपा केला तर तो उचलायचं सोडून नुसता मागं ढकलला जायला लागला, आणि त्या "आं?" म्हणाल्या. हवेला खाली ढकलतो म्हणून हात वर जातो, हे मी म्हणाले, आणि ते म्हणताना मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं मान वळवून आमच्याकडे बघत होती.

"तू कर की," अक्का म्हणाल्या.

"मी चालवतेय."

"बाजूला घे मग. मी चालवते."

मी जीप बाभळीखाली थांबवली आणि आम्ही जागा बदलली.